अर्थिंगच्या खड्ड्यातली ओल

१

सिद्रामप्पानं दार ढकललं तेव्हा रेकॉर्ड संपलेली होती आणि सुई शेवटच्या रेघेत टक्, टक् करत फिरत होती. फळीखाली त्याचा धाकटा भाऊ गुरुपादप्पा पडलेला होता. उजव्या हाताची बोटं काळी पडलेली. डोळे उघडे.

बैलपोळ्याच्या आदल्या दिवशीची, बुधवारची ही गोष्ट. उस्मानाबादपासून वेगळा होऊन लातूर जिल्हा झाला त्याला दोन-तीनच दिवस झाले होते. गोलाईत, म्हणजे गावातल्या गोल बाजारपेठेत, लावलेले पताकांचे दोर अजून काढले नव्हते. पाऊस मात्र मृगापासून तोंड दाखवायला तयार नव्हता. विहिरींनी तळ गाठला होता, आणि नव्या जिल्ह्याचं कौतुक करणारी माणसं टँकरचा आवाज आला की कौतुक अर्धवट टाकून घागरीकडे धावत होती.

संध्याकाळपर्यंत गावात एकच वाक्य झालं: डब्यानं माणूस खाल्ला.

डबा म्हणजे गुरुपादप्पाचा, जुन्या रेडिओत असतात तसल्या काचेच्या वॉल्व्हचा प्रीॲम्प. रेकॉर्डच्या सुईतून निघणारा आवाज मुंगीच्या पावलाएवढा असतो; तो आधी मोठा करून मग ॲम्प्लिफायरला द्यायचा, हे त्या डब्याचं काम. तो बनवला होता गोलाईतल्या रेडिओ दुरुस्तीवाल्या निजामोद्दीननं, आणि त्याच दिवशी सकाळी येऊन तो बघूनही गेला होता. पोलिसांना मागच्या परसात, डब्यातून झिरपणारा करंट जमिनीत सोडणाऱ्या अर्थिंगच्या खड्ड्यापाशी वायर सुटलेली दिसली, नट बाजूला काढून ठेवलेला दिसला. दिवेलागणीला निजामोद्दीनला ठाण्यात नेलं.

गुरुवारी सकाळी गुरुपादप्पाला समाधी दिली. त्याच संध्याकाळी विरूपाक्षांच्या दारात हाजराबी येऊन उभी राहिली. निजामोद्दीनची बायको. तोंडावरचा पदर तिनं काढलाच नाही.

"भाईसाब, पोलीसवाले उन्हें बोलते हैं, लिहून दे. नट मीच ढिला सोडला म्हणून. परवा सकाळी दहा वाजता सही करायची हाय."

"मग?" विरूपाक्षांनी विचारलं, आणि आपला प्रश्न किती बावळट आहे हे त्यांना लगेच कळलं.

"मग काय? ते सही करनार. म्हनतात, माझ्याच हातून राहिलं असंल."

२

विरूपाक्ष पस्तीस वर्षं ग्रंथपाल होते. माणसांशी बोलताना त्यांची जीभ अडखळे. वाक्य बोलून झाल्यावर ते बरोबर होतं का, याचा विचार ते रात्रभर करत. शोध लावणं हे आपलं काम नव्हे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण दोन वर्षं दर गुरुवारी ते गुरुपादप्पाकडे रेकॉर्ड ऐकायला जात होते. त्या डब्याचा आवाज निजामोद्दीन सोडला तर गावात त्यांच्याइतका कुणी ऐकला नव्हता. हाजराबी तेवढ्याचसाठी आली होती.

शुक्रवारी सकाळी ते ठाण्यात गेले. फौजदार तरुण होता, नव्या जिल्ह्याच्या बंदोबस्तानं दमलेला. "पाच मिनिटं," म्हणाला.

निजामोद्दीन गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. विरूपाक्षांना बघून हसायचा त्यानं प्रयत्न केला.

"अप्पा, सरकारी पाहुणचार बघा. घरी दोन दिवसाआड पानी, इथं रोज."

"निजामभाई, नट तुम्ही आवळला होता का?"

"आवळला होता." तो थांबला. "असं वाटतं. परवा सांगताना पक्कं वाटत होतं. काल दहा वेळा विचारलं त्यांनी. आज मलाच शक येऊन राहिला. माणसाचं ध्यान कुठं तरी असतं ना, अप्पा?"

विरूपाक्षांना हे फार ओळखीचं वाटलं. खरं तेच सांगणारा माणूस दहाव्यांदा विचारल्यावर कसा ढासळतो, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

"डब्यात दोष होता?"

निजामोद्दीननं मान खाली घातली. "ट्रान्सफॉर्मर जुना. थोडा करंट पत्र्यावर झिरपायचा. गुरुपादप्पांना बोललो होतो, नवा आनू. ते म्हनाले, अर्थिंग आहे ना? म्हटलं, अर्थिंग आहे तोवर सगळं जमिनीत जातं, फिकीर न्हाई. हे माझ्या माथ्यावर हाय, अप्पा. आनी अजून एक हाय."

"काय?"

"स्पीकरमधून घुं असा आवाज आला की डब्याच्या पत्र्याला हात लावून बघा, हे मीच शिकवलं. हात लावल्यावर घुं कमी झाली की समजायचं, अर्थ गेला, म्हंजे अर्थिंग सुटलं. सगळे मेकॅनिक असंच करतात."

पाच मिनिटं झाली होती. गजांतून हात काढत तो घाईनं म्हणाला, "एक वॉल्व्ह बी खराब होता. खराब म्हंजे बहिरा न्हाई, उलटा जास्त ऐकनारा. टिचकी मारली की घंटीसारखा वाजायचा. नांदेडहून दुसरा आननार होतो. त्यानं माणूस मरत न्हाई. आपलं सांगून ठेवलं."

विरूपाक्ष ठाण्याच्या पायऱ्या उतरले आणि मध्येच उभे राहिले. जास्त ऐकणारा वॉल्व्ह. मग बुधवारी त्यानं काय काय ऐकलं असेल?

३

त्या घुंचा इतिहास दोन वर्षांचा होता. गुरुपादप्पाला सारंगीचं वेड. सारंगी थांबते आणि पुन्हा उचलते, त्या मधल्या शांततेत त्याला डब्याची घुं ऐकू यायची आणि त्याचं तोंड वाकडं व्हायचं. मग निजामोद्दीननं ट्रान्सफॉर्मर डब्याबाहेर हातभर लांब नेला. वॉल्व्ह तापवणाऱ्या वायरी वेणीसारख्या एकमेकींत पिळल्या. वॉल्व्हवर पत्र्याच्या टोप्या घातल्या. सगळे अर्थ एका जागी आणून जोडले. खरखर गेली, चरचर गेली, घुं निम्मी झाली. शेवटी परसात, त्याच खोलीच्या भिंतीलगत, खड्डा खणला, लोखंडी पाइप पुरला, भोवती मीठ आणि कोळसा भरला आणि तिथून वायर आत आणली. घुं गेली.

पण दुष्काळात जमीन सुकली की खड्डाही सुकतो आणि घुं परत येते. म्हणून गुरुपादप्पा रोज दोन तांबे पाणी त्या खड्ड्यात ओतायचा. यावरून घरात काय झालं असेल, हे सांगायला नको.

दुपारी विरूपाक्ष त्या घरी पोचले तेव्हा ओसरीवर मारोती बसला होता. पन्नाशीचा गडी, टँकरच्या घागरी वाहून त्याच्या खांद्याला घट्टा पडलेला.

"या अप्पा. आता रेकॉर्ड लावनारं कोन न्हाई, अन् खड्ड्याला पानी पाजनारं बी कोन न्हाई."

"तुला राग होता का रे त्याचा?"

"राग?" मारोती थुंकला. "मी टँकरखाली लोकांच्या लाथा खाऊन घागर आनायची, अन् मालकानं ती मातीला पाजायची. लई राग होता. पन मारायला गेलो असतो तर घागरीनंच मारलो असतो, वायर कशाला सोडू? मला तर वायरला बघूनच घाम फुटतो."

"बुधवारी तू कुठं होतास?"

"टँकरवर. तीनला आला टँकर, चारपर्यंत तिथंच मरून राहिलो. अख्खी गल्ली होती, इचारा."

"अन् सिद्रामप्पा?"

"मोठे मालक मुरूडच्या बाजारला गेलते. साडेतीन-पावनेचारला आले. टँकरपासनंच गेले की माझ्या. 'पानी न्हाई तर नस्ती गर्दी कशाला' म्हनले. मी म्हनलो, 'मालक, पानी न्हाई म्हनूनच गर्दी.'"

विरूपाक्ष दचकले. सिद्रामप्पानं घरी पोचल्याची म्हणून पोलिसांना सांगितलेली वेळ गावभर झाली होती. साडेचार.

४

आत गुरुपादप्पाची बायको रुद्राणी देव्हाऱ्यापुढे बसलेली होती. लिंगवंतांना सुतक नसतं. समाधीच्या दिवशीच पोळा होता आणि बसवण्णा, म्हणजे नंदी, उपाशी ठेवायचा नाही, म्हणून तिनं केलेली मातीच्या बैलांची जोडी पुजली गेली होती आणि अजून तिथंच होती. विसर्जनाला पाणी कुठलं? दोन्ही बैलांच्या पाठीवर पांढरं पांढरं दिसत होतं. विभूती लावली असेल, असं विरूपाक्षांना वाटलं.

"वैनी, मला परसातला खड्डा बघायचाय. आणि… तो डब्यावरून रेकॉर्ड उतरवून घ्यायचा, तो टेपरेकॉर्डर नेऊ का? एक दिवसापुरता?"

"न्या की. पोलिसांनी नुसता डबा नेला." ती म्हणाली, "कॅसेट त्यातच हाय. मी हात लावला न्हाई."

परसात कडेला खड्डा होता. वरची माती भुसभुशीत, नुकतीच सारखी केलेली. पाइपाच्या डोक्यावरचा नट काढून बाजूच्या विटेवर ठेवलेला. भिंतीतून आलेली तांब्याची वायर मोकळी पडली होती. तिचं टोक विरूपाक्षांनी चष्मा सरसावून पाहिलं. ते पक्कडीनं कापलेलं होतं, ताजं, चकचकीत. नट ढिला राहून जी वायर निसटते, तिचं टोक काळं असतं, वाकलेलं असतं.

"काय बघता, विरूपाक्षअप्पा?"

मागे सिद्रामप्पा उभा होता. भरदार माणूस, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे.

"काही नाही," विरूपाक्ष म्हणाले. त्यांचे कान तापले.

"पोलिसांनी बघितलंय सगळं. आता ह्या घरातलं वाजनं-गाजनं संपलं. खोली रिकामी करायची हाय." तो भिंतीकडे बघत म्हणाला. "नवीन हापिसवाले जागा मागून राहिलेत. सहा महिने झाले, त्याला सांगत होतो. तो म्हनायचा, सारंगी कुठं ठिवू?"

विरूपाक्षांनी टेपरेकॉर्डर छातीशी धरला आणि ते बाहेर पडले. सिद्रामप्पानं भावाच्या खोलीसाठी भावाला मारलं, हा विचार त्यांच्याबरोबर घरापर्यंत चालत आला.

५

घरी येऊन त्यांनी खिडक्या लावल्या आणि कॅसेट सुरुवातीला नेली. आधी गुरुपादप्पाचा आवाज आला, माइकवर. प्रत्येक कॅसेटच्या आरंभी दिवस आणि वेळ सांगायची त्याची सवय होती.

"बुधवार, अठरा ऑगस्ट. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. निजामभाईनं सकाळी अर्थिंग बघून दिलंय. ऐका, घुं नाही."

विरूपाक्षांनी डोळे मिटले. थोडा वेळ ते तपास विसरले. मग टेपवर गुरुपादप्पानं कळ दाबल्याची खट् झाली आणि सारंगी आली. खरंच घुं नव्हती. सारंगी थांबायची तिथे नुसती मोकळी जागा होती.

तेवढ्यावरच निजामोद्दीन सुटत होता. सकाळी नट ढिला राहिला असता तर तीन वाजून दहा मिनिटांनी घुं असायला हवी होती.  त्यांनी कागद घेतला, घड्याळ समोर ठेवलं.

सहाव्या मिनिटाला सारंगीच्या मागून आवाज आला. टण्ण. बारीक, घंटीसारखा. जरा वेळानं पुन्हा. टण्ण. मग दोन लागोपाठ. जास्त ऐकणारा वॉल्व्ह! फळी भिंतीला ठोकलेली, डबा फळीवर. भिंतीपलीकडे कुणी तरी जमिनीवर घाव घालत होतं. विरूपाक्षांनी मोजले. तेरा घाव. घाई नव्हती त्या घावांत. मध्ये दम खाल्लेला कळत होता.

चौदाव्या घावाबरोबर घुं सुरू झाली.

हळूहळू नाही, एकदम, भिंत कोसळावी तशी. त्यानंतर घाव नाहीत. सारंगी चालूच. मग फळीजवळ येणारी पावलं, तीही घंटीसारखी. क्षणभर घुं दबली. मग एक कडाका, आणि काहीतरी जड पडल्याचा आवाज.

विरूपाक्षांनी टेप बंद केली. पाणी प्यायले. आणखी अर्ध्या तासानं पुन्हा लावली, कारण लावायला हवी होती. सारंगी शेवटपर्यंत वाजली. मग सुईची टकटक. एकतिसाव्या मिनिटाला पुन्हा पावलं, घाईची. मग सगळं मध्येच तुटून थांबलं. कुणी तरी मेन स्विच बंद केला होता.

तीन दहा आणि एकतीस. तीन एकेचाळीस. सिद्रामप्पा तेव्हाच आला होता. पोलिसांना बोलावलं पावणेपाचला. मधला एक तास तो काय करत होता?

कागदावर सगळं जुळत होतं. पण एक गोष्ट जुळत नव्हती. घाव पडत होते तेव्हा, तीन सोळा ते तीन अठराला, सिद्रामप्पा मुरूडच्या एसटीत होता. मारोतीच्या टँकरपाशी तो साडेतीननंतर आला. आणि नट काही घावानं निघत नाही. तो पान्यानं निघतो. म्हणजे हे दोन माणसांचं काम होतं. एकानं तोडलं. दुसऱ्यानं नंतर ते सोडल्यासारखं दाखवलं.

मारणारा इतक्या सावकाश, दम खात खणेल कशाला? आणि खणून काय न्यायचं तिथून? त्या खड्ड्यात होतं काय? मीठ, कोळसा, माती.

ओली माती.

सगळ्या लातुरात त्या आठवड्यात ओली माती तेवढ्या एकाच जागी होती. विरूपाक्षांना बैलांची पाठ आठवली, आणि त्यांना बसल्या जागी उमगलं की लिंगवंत असून आपण विभूती ओळखायला चुकलो. विभूती बोटांनी ओढलेली असते. तिचे पट्टे दिसतात. बैलांच्या पाठीवरचं पांढरं आतून वर फुटलेलं होतं.

६

त्याच संध्याकाळी सिद्रामप्पा त्यांना आडत दुकानाच्या मागच्या खोलीत भेटला. विरूपाक्षांनी सगळं सांगितलं. ते इतकं खालच्या आवाजात बोलले की सिद्रामप्पाला दोनदा "काय?" म्हणावं लागलं.

मग सिद्रामप्पा पोत्यांच्या थप्पीला टेकला.

"खड्डा उघडा व्हता," तो म्हणाला. "वायर पायपापासनं तुटलेली, टोक पिंजारलेलं. बाजूला पहार अन् घमेलं. आत बघतो तर भाऊ असा. अन् सैपाकघरात रुद्राणी मातीचा बैल वळत बसलेली, गानं म्हनत. तिला कायबी ठावं न्हाई. मी तिच्याकडं बघत हुबा राहिलो."

"आणि मग?"

"मग माती लोटली, पायपातनं राहिलेला तुकडा काढला, वायरचं टोक कापलं, नट ठिवला. मग तिला सांगितलं, मग पोलीस."

"निजामभाईवर येईल, हे कळलं नाही?"

"कळलं. खोटं कशाला बोलू? खोलीचं बी आलं मनात. त्या टायमाला बी आलं. माणूस असा असतो बघा, अप्पा." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "पन खोलीसाठी न्हाई केलं. सोळाव्या वर्षी आली ती ह्या घरात. लेकरू न्हाई, बाळ न्हाई. दर साली बैल करती, अन् त्याच्याच पुढं काय मागायचं ते मागती. तिला सांगू, तुझ्या बैलानं तुझा नवरा नेला? निजाम सुटंल आज ना उद्या. वरीस-सहा महिने. ती सुटंल का?"

विरूपाक्ष उठून घरी आले. त्यांना उत्तरं नेहमी घरी गेल्यावर सुचत. पण या वेळी घरी गेल्यावरही सुचलं नाही. टेप ठाण्यात दिली की घाव कुणाचे, हा प्रश्न येणारच. निजामोद्दीनचं दुकान, हाजराबी, उद्याचे दहा. आणि दुसऱ्या पारड्यात एक बाई. हे तोलायला आपण कोण? गप्प बसलो तरी तोलल्यासारखंच होतं, एवढं मात्र त्यांच्या ध्यानात आलं.

७

शनिवारी आठ वाजता ते रुद्राणीपुढे जाऊन बसले. सिद्रामप्पा दाराशी उभा राहिला. त्यानं अडवलं नाही.

"वैनी," विरूपाक्ष म्हणाले, "बैलाची माती औंदा कुठून आणली?"

"अर्थिंगच्या खड्ड्यातनं." ती सहज म्हणाली. "तिथंच तर वल हाय. वरून लई कडक व्हतं, पहारीनं फोडलं. तुम्हाला कसं कळलं?"

तीन दिवसांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं. कोण आलं, कोण भांडलं, काय चोरीला गेलं, सगळं विचारून झालं होतं. पोळ्याच्या बैलाची माती कुठली, हा प्रश्न फौजदाराला सुचण्यातला नव्हता.

"बैलावर मीठ फुललंय, वैनी."

तिनं मान वळवून देव्हाऱ्याकडे पाहिलं. मग दाराशी उभ्या असलेल्या थोरल्या दिराकडे. सिद्रामप्पानं डोळे खाली घातले. विरूपाक्ष पुढचं वाक्य जुळवत होते. रात्रभर त्यांनी ते जुळवलं होतं. त्याची गरज पडली नाही. तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला, आणि सगळं कळून झालं तेव्हा तिनं दोन्ही तळवे जमिनीवर टेकले, पडू नये म्हणून.

"मी गानं म्हनत व्हते," ती म्हणाली.

 बाहेर मारोती रिकाम्या घागरी लावत होता. त्यांचा आवाज येत राहिला.

मग तिनं विचारलं, "निजामभाईची सही किती वाजता हाय?"

"दहाला."

"मंग उठा."

ठाण्यात फौजदारानं टेप ऐकली. घुं आली तिथं त्यानं भुवया चढवल्या. पुढचं रुद्राणीला ऐकवू नये, म्हणून विरूपाक्षांनी हात पुढे केला, तर तिनं त्यांचा हात बाजूला सारला. तिनं सगळं ऐकलं, सुईच्या टकटकीपर्यंत.

"माती मी खनली," ती म्हणाली. "वायर माझ्या पहारीनं तुटली. निजामभाईचा काय संबंध न्हाई. लिहा."

"पण मग ती कापली कुणी? नट कुणी काढला?" फौजदारानं विचारलं आणि तो सिद्रामप्पाकडे बघू लागला. सिद्रामप्पाच्या ओठांवर घाम आला होता.

"मीच," रुद्राणी म्हणाली. "तुटल्यावर पिंजारलेलं टोक पक्कडीनं कापलं, नट काढून इटेवर ठिवला. म्हनलं, निजामभाई येतील तवा जोडतील. आत काय झालं मला ठावं नव्हतं. ठावं असतं तर…"

 फौजदार विरूपाक्षांकडे वळला.

"तुम्ही शिकलेले आहात. शोध तुम्ही लावलात. बाई सांगतात ते तुमच्या टेपशी जुळतं?"

जुळत नव्हतं. चौदाव्या घावानंतर परसातून लोखंडाचा एकही आवाज नव्हता. पक्कड नव्हती, पाना नव्हता, पाइपावर लोखंड घासल्याचा कण नव्हता. आणि त्या वॉल्व्हनं मुंगी चालली असती तरी सांगितलं असतं. विरूपाक्षांनी ते रात्री चार वेळा ऐकून कागदावर लिहिलं होतं. कागद त्यांच्या खिशात होता.

"जुळतं," ते म्हणाले. एवढा एकच शब्द, आणि त्यात ते अडखळले नाहीत.

जबाब झाला. अपघाती मृत्यू, असं लिहिलं गेलं. निजामोद्दीनला बाराच्या सुमारास सोडलं. तो बाहेर आला आणि रुद्राणीला बघून त्याला पायऱ्या उतरवेनात. "भाभी, ट्रान्सफॉर्मर मी बदलायला पायजे होता," तो म्हणाला. "हात लावायचं बी मीच शिकवलं." हाजराबीनं त्याला दंडाला धरून नेलं. गोलाईतलं दुकान त्यानं नंतर उघडलं, पण वॉल्व्हच्या कामाला हात लावला नाही.

परतताना सिद्रामप्पा दहा पावलं मागे चालत होता. ऊन कडक होतं. पताका वाऱ्याविना लोंबत होत्या. रुद्राणी विरूपाक्षांच्या शेजारून चालत होती, अंतर राखून.

"अप्पा," ती म्हणाली, "ते पडायच्या आधी घुं कमी झालती. झालती ना?"

"हो. क्षणभर."

"म्हंजे त्यांना कळलं असंल, अर्थ गेला म्हनून."

"कळलं असेल."

ती थोडं चालली. "मग मला हाक मारनार असतील. खड्ड्याला पानी घातलं का बघ म्हनून. रोज मारायचे. मी रोज चिडायची." ती थांबली. "मारली असंल का हाक? मला गान्यात ऐकू आली नसंल का?"

घुं दबली आणि कडाका झाला, यांच्या मध्ये एका श्वासाइतकीही जागा नव्हती. हाकेला तर नव्हतीच. विरूपाक्षांनी ते घड्याळ लावून मोजलं होतं.

ते रस्त्याकडे बघत राहिले. हाक मारली होती म्हणावं, तर ती आपल्याला ऐकू आली नाही म्हणून जन्मभर जळेल. मारली नव्हती म्हणावं, तर शेवटच्या क्षणी त्याला तिची आठवण झाली नाही, असं होईल. 

"मारणार होते," ते म्हणाले. "तोंड उघडलं असेल, वैनी. वेळ मिळाला नाही."

तिनं मान हलवली आणि ती पुढे चालू लागली.

विरूपाक्षांनी खिशातला कागद बाहेर काढला नाही, पण खिशातल्या खिशात त्याचे बारीक बारीक तुकडे करत ते तिच्या मागून चालत राहिले.